गिरिजाक्काचं आदण

आमच्या कंपनीत माऊसला हात न लावणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे गिरिजाक्का. माऊस तिनं टेबलाच्या खणात टाकून ठेवला होता, शेपटीची गुंडाळी करून. कोणी विचारलं की म्हणायची, "उंदीर गोदामात नको. गूळ खातोय." समोर काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, दोन्ही हात कीबोर्डवर. नवीन आलेल्याला वाटायचं, या बाईचा कॉम्प्युटर बिघडलाय. त्या काळ्या पडद्यावर ती एक शब्द टाइप करायची, एंटर दाबायची आणि उठून चहाला जायची. तो शब्द होता 'आदण'.

आता हे आदण काय ते सांगायला हवं, त्याशिवाय अक्का कळायची नाही. आमची कंपनी मंगळवार पेठेत; पुण्यातली नव्हे, इकडची, जोतिबाकडची. खाली मिरची कांडप, वर आम्ही. मुलाखतीला आलेला माणूस आधी शिंकायचा, मग नाव सांगायचा. आम्ही खेड्यातल्या दूध संस्थांना मशिनं देतो. सकाळ-संध्याकाळ लोक दूध घालतात, मशीन वजन घेतं, फॅट घेतं, पावती छापतं. मशीन बिघडलं की मोटरसायकलवरून जाऊन शिव्या खाणारा माणूस मी. पोवार म्हणतात मला.

या मशिनांच्या पोटात आमचं स्वतःचं लिनक्स आहे. त्यात शेकडो लहानमोठे प्रोग्रॅम. एक पडद्यावर अक्षरं उमटवतो, एक प्रिंटरशी बोलतो, एक फॅटच्या यंत्राशी. प्रत्येकाचा सोर्स, म्हणजे माणसानं लिहिलेला मूळ मजकूर, आणायचा, तो मशीनला समजेल असा शिजवायचा आणि बांधून ठेवायचा. त्या बांधलेल्या गठ्ठ्याला जगभर पॅकेज म्हणतात. अक्का रवा म्हणायची, आमच्याकडं गुळाच्या ढेपेला म्हणतात तसा. एकेक रवा हातानं करत बसलं तर जन्म जायचा. म्हणून अक्कानं कंपनीत येताना स्वतः लिहिलेला एक प्रोग्रॅम आणला. तो सगळी शेकडो पॅकेजेस एका दमात घेतो, कोण कुणावर अवलंबून आहे ते बघतो, आधीचं आधी आणि नंतरचं नंतर शिजवतो, आणि शेवटी काय झालं, काय नाही ते सांगतो. ना बटणं, ना चित्रं. एका ओळीचा हुकूम.

अक्का कोडोलीची. वडील गुळव्या. गुऱ्हाळात काहिलीत एका वेळी जेवढा रस उकळायला घेतात, त्याला आमच्याकडं आदण म्हणतात. रस पिकला का, काहील कधी उतरवायची, हे गुळव्या ठरवतो. त्या घडीला ऊस कुणाचा, गुऱ्हाळ कुणाचं, याला काही किंमत नसते. मालकसुद्धा तोंड मिटून उभा राहतो. अक्का एमसीए झाली, पुण्यात नोकरी करून परत आली, पण डोक्यातून गुऱ्हाळ गेलं नाही. प्रोग्रॅमला नाव दिलं आदण, आणि त्याला बोलायला शिकवलं तेही कोडोलीचंच. पॅकेज तयार झालं की पडद्यावर उमटायचं, 'झालं की'. अडलं की, 'व्हईना'. आणि जे दुसऱ्या कुणासाठी खोळंबलंय त्याच्यापुढं, 'थांबलंय'.

माणसांशी ती मराठीत बोलायची, मशीनशी कानडीत. आई संकेश्वरकडची. एखादं पॅकेज रेंगाळलं की पडद्याला म्हणायची, "बा, बा," म्हणजे ये, ये. सगळं उरकलं की, "आयतु." म्हणजे झालं. आणि इकडच्या सगळ्या बायकांसारखी ती 'मी येतो, मी जातो' अशीच बोलायची. पुण्यामुंबईच्या माणसाचे कान त्यानं टवकारायचे. त्यावर अक्का म्हणायची, "काम करताना 'तो' काय नि 'ती' काय."

तिचा एक नियम होता. काहील घासल्याशिवाय दुसरं आदण चढवायचं नाही. आदण प्रत्येक पॅकेजसाठी मशीनमध्ये एक रिकामी खोली तयार करायचं. त्या पॅकेजनं जे जे लागतं म्हणून सांगितलंय तेवढंच आत ठेवायचं, बाकी काही नाही. शिजवून झालं की खोली मोडायची, पुढच्याला नवी. याला वेळ लागतो. अक्काच्या हाताखालच्या समीरला घाई होती. त्यानं ही खोलीची भानगड बंद करून एक घाणा काढला, अर्ध्या वेळात झाला म्हणून सगळ्यांना पेढे दिले, आणि मी तो माल कोडोलीच्या संस्थेत नेऊन घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावती निघेना. समीरच्या मशीनवर कुठली तरी जुनी फाईल पडली होती, पॅकेजनं ती गुपचूप वापरली होती. संस्थेच्या मशीनवर ती कुठून असणार? दुधाचे कॅन घेऊन लोक रांगेत, आणि चिटणीसांनी मला एका कॅनवर बसवलं. म्हणाले, "पावती सुरू झाल्याबिगर पावणं हालायचं न्हाय." बसलो की. काय करणार?

अक्का समीरला एका शब्दानं बोलली नाही. रविवारी त्याला स्कूटरवर घातलं आणि चुलतभावाच्या गुऱ्हाळावर नेलं. तिथं त्याच्याकडून काहील घासून घेतली. बाजूला उभं राहून सांगत होती, "त्या कडंला राहिलंय बघ. तिथं न्हाय, हिकडं. मागच्या आदणाची करप राहिली की पुढचा गूळ काळा." समीर सोमवारी काळे हात आणि गुळाचा एक रवा घेऊन आला. त्यानंतर कंपनीत कुणी ती खोली बंद केली नाही.

दुसरी गोष्ट सांगतो, म्हणजे बाई कुणाला भ्यायची का ते कळेल. आमच्या बऱ्याच संस्थांमध्ये जुनी, बत्तीस बिटची मशिनं आहेत. जगानं ती मोडीत काढली. पण आमच्याकडं ती दसऱ्याला हळदकुंकू लावून घेतात आणि वर्षभर गुमान चालतात. अशा मशिनांना लागणारा एक सोर्स परदेशातला कुणी एक माणूस सांभाळायचा. त्यानं एक दिवस जुन्या मशिनांचा भागच काढून टाकला. आदण चढवलं, आणि त्या एका पॅकेजपायी खाली ओळीनं 'थांबलंय, थांबलंय, थांबलंय'.

अक्कानं त्याला मेल लिहिला. इंग्रजी तिचं उत्तम, पण राग आला की तेही कोडोलीच्या वळणावर जायचं. सुरुवात होती, 'डिअर पावणं'. पुढं, 'व्हाय रिमूव्ह? हू आस्क्ड यू? वी आर युजिंग.' त्याचं सभ्य उत्तर आलं, की असली मशिनं आता जगात कोण वापरतं? अक्कानं मला सकाळच्या दूध-वेळेला कोडोलीला पिटाळलं. फोटो काढला. रांग, कॅन, बाहेर बांधलेली एक म्हैस, आणि मधोमध वाळका हार घातलेलं मशीन. तोच एक फोटो तिनं पाठवला, वर एक अक्षर नाही.

त्या भल्या माणसानं तो भाग परत घातला. उत्तरात त्यानंही अक्काला 'डिअर पावणं' लिहिलं होतं. त्याला वाटलं, आमच्याकडं बायकांना मानानं असंच म्हणतात. अक्का दिवसभर ते वाचून दाखवत होती.

मग कंपनी विकली गेली. आमच्या मालकांचं वय झालं होतं, त्यांना दोष नाही. घेणारे बेंगळुरूचे. त्यांनी पुण्याचा निखिल मॅनेजर म्हणून पाठवला. पोरगा हुशार, स्वभावानं गोड, शिकला सगळा इंग्रजीत. घरी मराठी बोलायचा, पण ती जेवणाच्या टेबलापुरती. पहिल्या आठवड्यात त्याला वरच्यांनी विचारलं, जुन्या मशिनांची काय अवस्था आहे? निखिल अक्काच्या मागं उभा राहिला. तेव्हा आदण चुलीवर होतं, अर्धं शिजलेलं. पडद्यावर दहा-बारा ठिकाणी 'व्हईना'. त्यानं ते सगळं उतरवून घेतलं, त्याचं इंग्रजी केलं आणि पाठवून दिलं.

चार दिवसांनी वरून पत्राचा मसुदा आला. सगळ्या दूध संस्थांना कळवायचं होतं, की जुन्या मशिनांसाठी यापुढे नवी आवृत्ती काढणं तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही, तरी संस्थांनी नवी मशिनं घ्यावीत. खाली सही तांत्रिक प्रमुखाची. म्हणजे अक्काची.

नवी आवृत्ती नाही म्हणजे काय, ते मला विचारा. फॅटचं यंत्र बदललं की जुनं मशीन त्याच्याशी बोलत नाही. मग चालतं मशीन भंगारात. सगळ्या तालुक्यात. आणि लोक म्हणणार, गिरिजाक्कानं सही केली, म्हणजे खरंच होत नसणार. तिच्या नावावर खेड्यातला माणूस डोळे मिटून विश्वास टाकायचा. तोच विश्वास बेंगळुरूवाल्यांना हवा होता.

अक्कानं मसुदा दोनदा वाचला. म्हणाली, "निखिल, हे 'शक्य न्हाय' कुठनं आलं?"

"मॅडम, तुमच्या रिपोर्टमधूनच. तिथं लिहिलंय ना, व्हईना."

"व्हय. व्हईना लिवलंय."

"म्हणजे होत नाही. नॉट पॉसिबल."

सगळ्यांची बोटं कीबोर्डवर थांबली. खालची कांडप तेवढी चालू. मला वाटलं, आता निखिलची काही धडगत नाही. अक्कानं खुर्ची ओढली आणि म्हणाली, "बस. म्हस दूध देईना, तर तू काय म्हणशील? म्हशीला दूध न्हाय?"

"नाही म्हणजे... आत्ता देत नाहीये."

"का देईना?"

"रेडकू सोडलं नसेल. किंवा घाबरली असेल."

"मग काय करतोस?"

"रेडकू सोडतो."

"मग? व्हईना म्हंजे अजून झालं न्हाय. हात चालू हायत. व्हत न्हाय म्हंजे मेलं. मी आयुष्यात आदणाला 'व्हत न्हाय' म्हणायला शिकवलं न्हाय, आणि तू एका इंग्रजी शब्दात माझी म्हस मारलीस."

निखिलचा चेहरा उतरला. चूक त्याला कळली, आणि मान्य केली हे त्याचं मोठेपण. त्यानं तिथल्या तिथं बेंगळुरूला फोन लावला. व्हिडिओवर वरचे साहेब आले. निखिलनं सांगितलं, भाषांतर चुकलं, जुन्या मशिनांचं काम होतंय. साहेब हसले. म्हणाले, होत असेलही, पण आपल्याला करायचं नाही. नवी मशिनं विकायची आहेत. पत्र जाऊ दे.

हे ऐकून मला जो राग आला तो अजून आहे. अक्काला मात्र राग आलेला दिसला नाही. उलट तिचा आवाज खाली आला, आणि तिचा आवाज खाली येणं ही काही चांगली खूण नव्हती.

ती म्हणाली, "साहेब, पत्रात एक शब्द बदला. 'शक्य न्हाय' काढा, 'आम्ही करणार न्हाय' घाला. मी आत्ता सही करतो."

साहेब म्हणाले, असं कसं लिहिणार? गिऱ्हाईक विचारेल, का करणार नाही?

"विचारू दे की. मग सांगा."

"मॅडम, अर्थ एकच आहे."

"न्हाय. करत न्हाय म्हंजे तुमची मर्जी. व्हत न्हाय म्हंजे माझी अक्कल. मर्जी तुमची हाय, तिच्यावर मी सही करीन. माझ्या अकलंवर तुमची सही चालायची न्हाय."

दोन आठवडे हे चाललं. साहेबांनी गोड बोलून पाहिलं, पद वाढवतो म्हणाले, मग नियम दाखवले. अक्काचं एकच. शब्द बदला, सही घ्या. शेवटी एका शुक्रवारी सांगण्यात आलं, की नोकरी संपली, अक्कानं संध्याकाळी पाच वाजता कार्ड आणि ऑफिसचा कॉम्प्युटर जमा करावा. अक्का म्हणाली, "करतो." आणि दुपारी जेवण झाल्यावर तिनं काळ्या पडद्यावर जुन्या मशिनांसाठी 'आदण' टाइप केलं.

पाच वाजले, आदण अर्ध्यावर होतं. बेंगळुरूची एक बाई व्हिडिओवर आली आणि म्हणाली, मॅडम, मशीन बंद करा. अक्का म्हणाली, "पावणं, आदण चुलीवर हाय. काहील उतरल्याबिगर गुळव्या हालत न्हाय." बाईंना गुळव्या म्हणजे काय ते कळलं नाही. त्यांनी निखिलला विचारलं, या काय म्हणताहेत? निखिलनं एकदा अक्काकडं पाहिलं आणि सांगितलं, "नेटवर्क जातंय, आवाज येत नाही." आणि कॉल बंद केला. तेव्हापासून निखिल मला आवडायला लागला.

ऑफिसातलं कुणी घरी गेलं नाही. समीर खुर्ची ओढून अक्काशेजारी बसला. पडद्यावर ओळी सरकत होत्या. झालं की. झालं की. झालं की. आणि फॅटच्या यंत्राशी बोलणाऱ्या पॅकेजला येऊन अडलं. 'व्हईना'.

निखिल हळूच म्हणाला, "अक्का, राहू द्या. तुम्ही दाखवलंत, पुष्कळ झालं." मॅडमची अक्का त्यानं त्याच दिवशी केली.

अक्का वळलीसुद्धा नाही. "पोवार," मला म्हणाली, "खाली जाऊन चहा सांग. सगळ्यांना. ह्याला जास्त साखरंचा." आणि सोर्स उघडून वाचत बसली. बराच वेळ वाचत होती. ओठ हलत होते. एका ठिकाणी थांबली, समीरला दाखवलं. जुन्या मशीनवर आकडा मावत नव्हता, भांडं लहान पडत होतं. समीर म्हणाला, "दोन भागात घेऊया का?" अक्का म्हणाली, "घे की. तुझ्या हातानं घे." समीरनं बदललं. मग तो हळूच म्हणाला, "आता इथूनच पुढं चालवायचं?"

अक्कानं त्याच्याकडं नुसतं बघितलं.

"घासतो, घासतो," समीर म्हणाला, आणि सगळ्या खोल्या मोडून आदण पहिल्यापासून चढवलं.

कांडप बंद झाली. रस्त्यावरचे दिवे लागले. कुणाच्या घरून फोन आला तर तो हळू आवाजात सांगायचा, आदण चुलीवर आहे, उशीर होईल. शेवटच्या ओळीला अक्का पडद्याला म्हणत होती, "बा, बा, बा." आणि ती ओळ आली. झालं की. एकही व्हईना नाही, एकही थांबलंय नाही.

"आयतु," अक्का म्हणाली.

तयार माल तिनं जिथून सगळ्या संस्था तो उतरवून घेतात तिथं ठेवला. जुन्या मशिनांची ही कंपनीतली शेवटची आवृत्ती. मग कार्ड निखिलच्या हातात दिलं, टेबलाचा खण उघडला, गुंडाळलेला माऊस काढला, फुंकर मारून टेबलावर ठेवला. म्हणाली, "हा तुमचा उंदीर. आता मोकळा सोडा, गोदामात काय राहिलं न्हाय." आणि चपला घालून जिना उतरली. तिच्या मागं बघायची माझी हिंमत झाली नाही, रडू आलं असतं. समीर तर रडलाच.

पत्र पुढच्या आठवड्यात गेलं, तेच शब्द घेऊन. पण खाली सहीची जागा कोरी. संस्थांचे फोन सुरू झाले. प्रत्येक चिटणीस एकच विचारत होता, "अक्काची सही का न्हाय?" मी प्रत्येकाला खरं ते सांगितलं. काढायचं तर काढा मला.

आदण तिनं या कंपनीत येण्याआधी लिहिलेलं, आणि लिनक्सचा सोर्स कुणाच्या बापाचा नाही, तसा त्याचा परवानाच आहे. त्यामुळं तिला कुणी अडवू शकलं नाही. ऐकलं, की कोडोलीला भावाच्या घरी वरच्या खोलीत तिनं जुनी मशिनं मांडलीत. ज्या संस्थेला पाहिजे ती तिथून माल नेते.

यंदा चैत्रात जोतिबाच्या यात्रेला गाड्यांची रांग लागली होती, केर्लीच्या फाट्याला मी अडकलो. हवेत गुलाल. पाहतो तर पुढं अक्काची स्कूटर. अक्का नखशिखांत गुलाबी. मागच्या सीटवर घोंगड्यात गुंडाळून, दोरीनं आवळून एक मशीन बांधलेलं. घोंगडं सरकलं होतं तिथून हळदीचं बोट दिसत होतं. मी ओळखलं. कोडोलीच्या संस्थेतलं, फोटोतलं मशीन. त्यांचं नवं फॅटचं यंत्र आल्यापासून ते मुकं झालंय, हे मला ठाऊक होतं. शहरात कुणा जाणत्याला दाखवून ती परत निघाली असणार.

"अक्का," मी गाडीवरूनच ओरडलो, "काय म्हणतंय?"

तिनं वळून पाहिलं. मला ओळखून हसली. पदरानं मशीनवरचा गुलाल झटकला, घोंगडं नीट केलं.

"व्हईना," अक्का म्हणाली.

रांग हलली. तिनं किक मारली, ती वाया गेली. तिनं दुसरी मारली.